बापूस गाडीला पाणी पाजायचा

मी बाळाराम, ठाण्याच्या बाळकुमचा, मूळचा म्हणजे अगदी मुळातला, आता जिथे ते उंच टॉवर उभे आहेत ना, स्विमिंग पूलवाले, तिथे आमची भातशेती होती आणि खाडीकडच्या अंगाला मिठागर. आज मी त्याच टॉवरला टँकर घेऊन गेलो की गेटवरचा पोरगेलासा वॉचमन विचारतो, कहाँ से आये हो? मी सांगतो, इथूनच, बाबा, तू उभा आहेस ना, तिथून. रोज विचारतो, रोज मी हेच सांगतो, आमचं दोघांचं नाटक रंगात आलंय अगदी.

तर काय सांगू तुम्हाला, जमीन गेली, जमिनीचे पैसे भावाभावांत फुटले आणि विरघळले, उरली घरामागची विहीर आणि एक टँकर. विहिरीचं पाणी मचूळ, खाडीच्या शेजारची ती, पिण्याला कामाचं नाही, पण बांधकामाला, बागेला, संडासाला चालतं. पाणी विहिरीचं, गाडी माझी, आणि बापूस घरी बसलेला. आयुष्य मिठागरात उन्हात उभं राहून काढलेला माणूस, त्याला घरी बसायला सांगितलं तर तो काय करणार? टीव्ही बघत नाही, देवळात टिकत नाही. तर त्याने स्वतःच एक काम काढलं. सकाळी मी चहा पीत असायचो आणि हा तांब्याची कळशी विहिरीवरून भरून आणायचा, गाडीचं समोरचं झाकण उघडायचा आणि रेडिएटरमध्ये पाणी घालायचा, जसं बैलांना आधी पाणी दाखवायचं आणि मग जुंपायचं तसं. गाडी आधीपासून जरा पाणी खाणारी, तिला ते लागायचंही. मग बॉनेटवर हात फिरवायचा, वर मला ऐकवायचा, लोकांना पानी पाजत फिरतंस, तुज्या गाडीला कोन पाजनार रं? माझी बायको सुनंदा हसायची, म्हणायची, मामंजी मला कधी चहा विचारत नाहीत, गाडीला विचारतात. सगळा शेजार गोळा व्हायचा बघायला. वर्षानुवर्षं चाललं हे, कोणाच्या मनात काही आलं नाही, माझ्याही नाही.

मग त्या दिवशी, टाकी काठोकाठ भरलेली, भिवंडीकडच्या एका बांधकामाला निघालेलो, कशेळीच्या पुलाच्या चढाला गाडीने असा काही आवाज काढला की मागचा रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. पांढरा धूर, भसाभसा, जत्रेतला राक्षस येतो तसा. उतरून बघतो तर खाली खाडी पाण्याने भरलेली, पाठीवर टाकी पाण्याने भरलेली आणि इंजिन तहानेनं मेलेलं. मला हसू आलं हो, खरंच, पुलावर उभा राहून एकटा हसत होतो, मागे हॉर्नवर हॉर्न, शिव्यांवर शिव्या, आणि मग ते हसू तिथेच आटलं, कारण गाडी गेली म्हणजे घरात दुसरं काही नव्हतं.

ओढून नेली शहाडला, कांबळे मिस्त्रीकडे. कांबळे माझा जुना दोस्त, हात काळे, जीभ त्याहून काळी. बापूस हट्टाने बरोबर आलेला, म्हणाला, जनावराला डाक्टरकडं न्हेतात तवा मालक संगती जातो. टायरवर बसला, कळशी मांडीवर.

कांबळेने इंजिन उघडलं, हेड काढलं. हेड म्हणजे इंजिनावरचं जाड लोखंडी झाकण हो, त्याच्या खाली आग पेटते आणि त्याच्या पोटातून पाणी फिरतं, त्या आगीला आवरायला. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध चीर गेलेली, केसाएवढी. मी म्हटलं, एवढीच? वेल्डिंग मार आणि दे. तो म्हणाला, साधं इंजिन असतं तर मारलं असतं रे, हे टर्बोचं आहे, धुराच्या जोरावर हवा कोंबतं आत, ताकद दुप्पट आणि ताप पण दुप्पट, टाका आठवड्यात उसवेल. मी म्हटलं, मग बिनटर्बोचं जुनं हेड बसव, भोकं जुळवून. तो म्हणाला, बसवतो, पण टर्बो काढून टाकावा लागेल, मग भरलेला टँकर घेऊन तू पुलावर चढायचा नाहीस, पुलाकडे बघत बसायचास. टर्बोचंच हेड हवं, दुसरा इलाज नाही. आणि मग त्याने ते फुटलेलं हेड उलटं केलं, पाण्याच्या वाटा दाखवल्या, आणि हसायला लागला. बाळाराम, तुझ्या गाडीला तर मीठमसाला लावून ठेवलाय, भाजायचीच बाकी होती!

वाटा सगळ्या पांढऱ्या, थरावर थर, पाणी जायला जागाच नाही. मला तिथल्या तिथे कळलं. मी कांबळेला डोळा मारतोय, गप बस, गप बस, पण त्याला कुठे ठाऊक? तो आपला मोठमोठ्याने, अरे कुठल्या गाढवाने खारं पाणी घातलं यात? कूलंट नावाची वस्तू माहीत नाही का?

बापूस उठला. हळूच. कळशी खाली ठेवली, हेडजवळ आला, नखाने ते पांढरं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. कांबळे ओरडला, अहो काका, थुंका, काय खाताय! बापूस थुंकला नाही. चाखत राहिला, मिठागराच्या बांधावर पहिलं मीठ धरलं की चाखायचा तसा, डोळे मिटून. मग म्हणाला, आपलंच हाय.

कांबळे माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे. मग मला काय सुचलं, मी नाटक सुरू केलं. बाबा, हे पाण्याने नाही होत, हा माल आधीपासूनच खराब होता, कंपनी चोर आहे! हात नाचवून सांगत होतो, कांबळेपण बिचारा सुरात सूर मिळवायला लागला, हो काका, हो, कंपनीच चोर. बापूस म्हणाला, बाला, मी मीठ वलकत नाय व्हय?

टर्बोचं हेड मिळालं, बसलं. कसं मिळालं ते सोडा. कांबळे म्हणाला, हेडखालचा ब्लॉक, इंजिनाचं धडच ते, तोही मिठाने आतून खाल्लेला आहे, चालेल तोवर चालेल, आणि यापुढे फक्त कूलंट. इंजिन थंड ठेवायच्या त्या औषधी पाण्याचा हिरवा कॅन दिला. मी तो कॅन घरी आणून बापसाच्या समोर ठेवला, म्हटलं, बाबा, उद्यापासून हे पाज, गाडी तुझीच वाट बघणार. त्याने कॅनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, माज्या हातालाच मीठ हाय, तूच पाज.

तेव्हापासून उठत नाही हो सकाळी. कळशी विहिरीवर पालथी. मी हाका मारतो, नकला करतो, इंजिन खोकल्यासारखं वाजवून दाखवतो, सुनंदा हसते, शेजारी हसतात, तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. जेवतो कमी. बोलतो त्याहून कमी.

परवा मी काय केलं सांगू? गाडीचं झाकण उघडून ठेवलं, रेडिएटरची टोपी काढली, कळशी भरून शेजारी ठेवली आणि आत जाऊन चहा पीत बसलो. मुद्दाम. मनात म्हटलं, घाल बाबा, घाल एकदा, खारं तर खारं, फुटू दे परत. सुनंदा म्हणाली, येडे झालात काय? दुसरा कप घेतला. तिसरा घेतला. बाहेर आलो तर कळशी तशीच, काठोकाठ, वर एक पान पडलेलं.

गाडी वाचली. काय सांगू तुम्हाला, गाडी वाचली आणि मी तिथेच चाकाला टेकून बसलो.

तुमच्या घरी असं कोणी पाजणारं असेल तर देव त्याला उदंड आयुष्य देवो, आणि घालत असेल ते घालू द्या. हेड काय हो, शहाडला मिळतं.