सेव्हिलचं तेल

बर्मिंगहॅमच्या बसमध्ये मीनल एका आजींशेजारी बसली होती. पुढच्या सीटवर दोन मैत्रिणी अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा मराठीत बोलत होत्या.

"कस्तुरी, स्पेनमध्ये, सेव्हिलला सहा महिने राहून केस काय चमकतायत गं तुझे!"

"ऑलिव्ह ऑइल! तिथल्या पार्लरमध्ये चपचपीत थापतात."

"आणि खाणं?"

"तापास! छोट्या छोट्या बशा, सगळे एकाच बशीतलं खातात. किती आपलेपणा!"

"आणि सासूबाई आल्यापासून कसं चाललंय?"

"काय सांगू! डोक्याला खोबरेल, उशांना घाण वास. वर माझ्या ताटातलं उचलून चव बघतात, शी! त्यांना वेगळं बसवते मी."

"अगं, हळू! मागेच आहेत."

"त्यांना कुठे ऐकू येतंय!"

मीनल दचकली. आजी तिच्याकडे झुकल्या.

"मुलानं कालच कानाचं मशीन आणलंय. हिला सांगू नकोस, म्हटलंय मी त्याला."