साडूचं दार

...नाही, मला सांगा, एकाच घरचे दोन जावई, मग एकाला जुनं ऐसपैस घर आणि दुसऱ्याला चौथ्या मजल्यावरची काडेपेटी, हे कसं काय? साडूचं दार लावलं की कसं धप्प वाजतं, आमचं लावलं की शेजाऱ्याचं उघडतं. वर बायकोचं पालुपद आहेच, "भावजींचं बघा."

बघतोच आहे हो! जन्मभर दुसरं काय करतोय?

तर गेल्या वर्षी साडूनं स्वयंपाकघराचं जुनं हिरवं दार काढलं. मी मागून घेतलं... घर नाही तर निदान दार तरी! दिवाणखान्यातच आडवं टाकलं आणि कोरड्या पॉलिशपेपरनं खरखर घासत सुटलो. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली लाल, रंग संपतोय कुठला! धूळ उडायला लागली तर मी पंखा लावला. मग त्या दाराचं बसकं टेबल केलं. नात त्यालाच धरून उभी राहायला शिकली, दात शिवशिवले की त्याचीच कड चावायची.

आणि गेल्या महिन्यात साडूनं रंगकाम काढलं. सरळ रंगवेल तर तो साडू कसला? आधी तपासणीवाला बोलावला. जुन्या रंगात शिसं निघालं, म्हणजे पोटात गेलं तर विषच. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण लोक म्हणतात कसे, "किती काळजी घेतो हो माणूस!" शिसं निघालं तरी कौतुक त्याचंच! साहेबांनी लगेच त्या खिडक्या-दारं बदलून घेतली. बायको म्हणाली, "भावजींचं बघा." आणि मग तिची नजर टेबलाकडे गेली.

"अहो... आपलं टेबल?"

मी आधी नातीला टेबलापासून उचललं.

तोच तपासणीवाला आमच्याकडे आला. टेबलाला यंत्र लावलं, जमीन पुसून धूळ घेतली. म्हणाला, त्यांचा रंग दारावरच होता, तुम्ही तो घासून घरभर केलात. जुना रंग घासण्याआधी तपासायचा असतो, शिसं काही डोळ्यांना दिसत नाही. आमच्या धुळीत साडूच्या घरापेक्षा कितीतरी जास्त निघालं. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी साडूच्या पुढे गेलो!

नातीच्या रक्तातही निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत कळलं, ही धूळ बंद झाली की हळूहळू उतरेल. घर साफ होईपर्यंत पोरीला ठेवायचं कुठं? कुठं म्हणजे... तपासलेलं घर नात्यात एकच!

काल तिकडून व्हिडिओ आला. नातीनं पहिलं पाऊल टाकलं. साडूचं बोट धरून.

बायकोनं डोळे पुसले, फोन माझ्यापुढे धरला.

"भावजींचं बघा."

बघतोय... सकाळपासून अकराव्यांदा बघतोय.