सिनेमातल्या वेड्याची दाढी

तर हे असं मान झटकून हसायचं, हे तुम्हाला शिकवलं कुणी? दिग्दर्शकानं? का आपलं आपणच — बरं, बरं, सिनेमे बघून. तरीच. नाही, छान हसलात, त्या बाकावरचे आजोबा पेपर टाकून उठून गेले ते उगाच नाही. येतील हो परत, घरी सून बसू देत नाही त्यांना. केस झाले बघा तुमचे. त्या जटा पडल्यात खाली, मांजर झोपल्यासारख्या दिसतायत. आता दाढी. डोळ्यांखालचं काळं ओल्या फडक्यानं पुसतो, तुमच्या मेकअपवाल्यानं काय फासलंय कोण जाणे, निघता निघत नाही. पण शूटिंग संपलं म्हणालात, म्हणजे सुटलात. उद्यापासून शहाणे. हनुवटी वर करा, साबण लावतो. आता बोलू नका, तोंडात जाईल. मी बोलतो. एरवी मी फार बोलत नाही — दुकान मामाचं, मी भाचा — मामा म्हणतो, अरे गिऱ्हाईकाशी दोन शब्द बोलत जा, मुका समजतील तुला. आज बोलतो. तुम्ही विषयच असा काढलात.

तर तुमचा हा वेडा करतो काय — नका सांगू, साबण आहे. मीच सांगतो. आधी गोड असतो. सगळ्यांना मदत करतो, शेजारणीच्या पिशव्या उचलतो. मग एक दिवस गोळ्या मोरीत ओततो, आरशासमोर उभं राहून. मग मागं संगीत सुरू होतं. मग सुरी. बरोबर? डोळे मिटून हो म्हणालात. अहो, सगळ्यांचं तेच. एक सुरीवाला. नाहीतर मग तो विनोदी — पायजम्याची नाडी लोंबतेय, डोक्यावर पातेलं, हीरो त्याला टपली मारतो आणि थेटर हसतं. नाहीतर ती मुलगी, केस मोकळे सोडून जिन्यात बसलेली, हीरोनं जवळ घेतलं की बरी होते. एवढ्यावर भागलं असतं तर — जाऊ द्या. आणि डोक्याला मार लागला की वेड, परत तिथंच मार लागला की शहाणा. म्हणजे माणूस नाही, जुना रेडिओच की, थापटला की लागतो. गाल जरा आत ओढा. हां.

आणि आवाज. तुमच्या वेड्यालाही आवाज येतात ना? काय म्हणतो आवाज — मार त्याला? तोच म्हणणार, दुसरं काय म्हणेल. माझ्या ओळखीचा एकजण आहे, त्यालाही यायचे. त्याचा आवाज काय म्हणायचा माहितीये? वाकडं कापलंस. बाईनं हसून पैसे दिले, पण बाहेर जाऊन तुझ्याबद्दल सांगतेय. दिवा चालू ठेवून आलास. सगळ्यांना तुझ्या शर्टाचा वास येतोय. दिवसभर हेच — एखादी आत्या असते ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी, ती कायमची मुक्कामाला आल्यासारखी. मारायचं-बिरायचं काही नाही. तो बिचारा कुणाला काय मारणार, तो शर्ट बदलत बसायचा. बदलायचा, धुवायचा, परत बदलायचा. मागं कसलं संगीत नाही, शेजारच्या शिंप्याची मशीन तेवढी. आता यावर कोण सिनेमा काढेल? बघायला कोण येईल, शर्ट धुणारा माणूस?

मग त्याला दवाखान्यात ठेवला. तुमच्या सिनेमात दवाखाना कसा दाखवलाय — साखळ्या, अंधार, एकजण भिंतीवर डोकं आपटतोय, नाही का? तिथं सगळ्यात जास्त काय असतं सांगू? कंटाळा. खिडकीतून उन्हाचा पट्टा सरकतो तो बघायचा. एक मास्तर होते, ते सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घालायचे, आणि कुणी उलगडली तर एवढंच म्हणायचे, ठीक आहे. पत्ते खेळायचे लोक. राजा हरवला होता, त्याच्या जागी गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा. हसायचं कुणी नाही फारसं. असं, तुम्ही हसलात तसं, तर एकदाही नाही ऐकलं. आणि दाढी करायला बाहेरून एक न्हावी यायचा. आमच्याच धंद्यातला, पण काय तो — घाबरलेला. त्यानंही सिनेमे बघितले असणार. दारातूनच विचारायचा, आज कुणी बिघडलंय का. मग आम्हाला ओळीनं बसवायचे, आणि तो एकेकाच्या गालावरून असा ओढत सुटायचा, पातेलं खरवडतात तसा, आणि एक वॉर्डबॉय मागून दोन्ही हात धरून ठेवायचा. मनगटं अशी खुर्चीच्या दांड्यावर दाबून. मी इतक्या लोकांच्या दाढ्या केल्या, कधी गिऱ्हाईकाचे हात धरावे लागले? तो हात धरायचा आणि मला एवढंच वाटायचं की अहो, वस्तरा आडवा धरू नका, मीही न्हावी आहे, मला —

हलू नका.

लागलं नाही, वस्तरा मी आधीच उचलला होता. गिऱ्हाईक दचकणार ते खांद्यात आधी कळतं. हो. मीच. ओळखीचा एकजण वगैरे काही नाही, मीच तो. सांगायचं नव्हतं, बोलता बोलता गेलं तोंडातून. आता गेलं तर गेलं. आरशात बघा तुम्ही कसे दिसताय — अर्धी दाढी आहे, अर्धी नाही. एकीकडनं तुमचा तो सुरीवाला, एकीकडनं चांगला माणूस. आणि मागं मी उभा, पांढरा कोट, भांग पाडलेला, पोट सुटलेलं. हे पोट गोळ्यांचं आहे. रोज घेतो, जेवण झाल्यावर, मोरीत ओतत नाही. तोंडाला कोरड पडते, सकाळी डोकं जड होतं, पण आत्या गेली. म्हणजे कधीमधी येते, दारातूनच बोलून जाते. सिनेमातला वेडा कधी जाडा बघितलात?

नाही, वस्तरा ठेवत नाही. ऐकून घ्या आधी. माझ्या मामानं मला सांभाळलं. दवाखान्यात रोज डबा घेऊन यायचा, माझ्याशेजारी बसून मास्तरांना चादरीची टोकं धरू लागायचा. घरी आणलं, परत कात्री हातात दिली, मग वस्तरा दिला. लोकांना माझ्याबद्दल सांगायचा, आजारी होता, बरा आहे, करून घ्यायची तर घ्या, नाहीतर दुसरं दुकान बघा. असा मामा. आणि मग एका सुट्टीला सगळे मिळून सिनेमाला गेलो. माझीच हौस. त्यात एक होता, गोड बोलणारा, गोळ्या विसरणारा. अर्ध्यातच मला कळलं की मामा पडद्याकडं बघत नाहीये, माझ्या हातांकडं बघतोय. मी हात मांडीखाली घेतले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर वस्तरे ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, आणि मामा म्हणतो, तू केसांचंच बघ आता, दाढ्या मी करतो, तुला ताण नको. ताण. जे त्या आजारपणानं केलं नाही, डॉक्टरनं केलं नाही, गल्लीतल्या लोकांनी केलं नाही, ते एका दुपारच्या सिनेमानं केलं. आणि मामाला मी काय बोलू? तो वाईट नाही. तो घाबरलाय. त्याला घाबरवलं ते तुमच्यासारख्यांनी — मान झटकून, असं हसून.

आज त्याची दाढ दुखायला लागली, गाल धरून गेला डॉक्टरकडं, कुलूप लावायचं राहिलं. दाढेपुढं कुलूप कुठं आठवतंय. आणि तुम्ही आलात. तेव्हापासून ही माझी पहिलीच दाढी, आणि ती सुद्धा कुणाची, तर सिनेमातल्या वेड्याची.

उठायचं असेल तर उठा. मी हात धरणार नाही. फडकं तिथं आहे, तोंड पुसा, अशी अर्धी दाढी घेऊन रस्त्यावर गेलात तर लोक तुम्हालाच वाट देतील, मला नाही. मामाला कळेल गिऱ्हाईक पळालं, आणि तो ड्रॉवर काही परत उघडायचा नाही. पण मी विनवणी करणार नाही. मी काही करणार नाही अशी शपथही घेणार नाही. तुम्हाला कुणी विचारलं खुर्चीत बसताना, की तुम्ही काही करणार नाही ना? मग मला का? गेली दहा मिनिटं वस्तरा तुमच्या कानाखाली आहे, तेवढं एक धरा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

आलास, मामा? काढली दाढ? नको बोलू, कापूस आहे तोंडात. बस. नाही — तिथं बस, बाकावर. वस्तरा देत नाही मी. माझ्या हातातच राहू दे. गिऱ्हाईक माझं आहे. त्यांना माहितीये. सगळं सांगितलंय मी. त्यांनी ओरडावं, त्यांनी उठावं, तू उठवायचं नाहीस त्यांना.

काय साहेब?

हं. हनुवटी आणखी जरा वर. आवंढा गिळू नका. आता गळा आहे, आता मी बोलत नाही.