दुपारच्या झोपेची जागा

हसणार नसाल तर सांगतो. या उन्हाळ्यात सगळे नळ बंद असूनही आमची टाकी रिकामी व्हायची. पाणी पुरेना म्हणून कूलरसुद्धा बंद ठेवला होता.

प्लंबर रफिकभाई म्हणाले, "सर, पाइप कोब्याखाली फुटलाय. जागा सापडली न्हाई तर पूरा हॉल फोडावा लागंल."

फरशी बायकोने हौसेने निवडलेली. तिचा चेहराच पडला.

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. म्हटलं, आवाजावरून शोधतो. स्टीलचा पेला फरशीवर उपडा ठेवून, त्याला कान लावत हॉलभर रांगलो. खळखळ ऐकू यायची, पण ती पाइपची की माझ्या पोटाची, ते कळेना. शंका आली तिथे खडूने फुली मारत गेलो. थोड्या वेळात हॉल फुल्यांनी भरला.

"अहो, यापेक्षा रफिकभाई कमी फोडतील," बायको म्हणाली.

दमून मी नेहमीच्या जागी, दिवाणाशेजारी उघड्या फरशीवर आडवा झालो.

"पंखा तिकडं, अन् तुम्ही रोज इथंच का झोपून राह्यले?" बायकोने विचारलं.

"इथं गार लागतं."

तिने वाकून फरशीला हात लावून पाहिला. मग ती ओरडली, "उठा आधी! रफिकभाई, इथंच फोडा!"

एकच फरशी काढावी लागली. खाली पाइप फुटलेला होता.

"सर," रफिकभाई म्हणाले, "जागेपणी उगाच मेहनत केली. झोपेत तुम्ही बराबर शोधलं होतं."

कूलर आता सुरू आहे. तरी दुपारी मी तिथंच आडवा होतो. पाठीला फरशी गरम लागली, की निर्धास्त झोप लागते.