न उमटलेली रेघ

दुपारचे दोन, आरोग्य केंद्राच्या फाटकासमोर — तिथंच मारलं माझ्या भावाला, डॉक्टर, आणि तुम्ही आता सांगता की तो नशेत नव्हताच. बसा. कॉफी मिळायची नाही. या घरात मयताची कॉफी अजून चढलेली नाही, सांत्वनाला येणाऱ्यांसाठी तंबू ठोकलेला नाही, कुराण वाचायला शेख बोलावलेला नाही. सूड पुरा झाल्याशिवाय सांत्वन घेत नाहीत आमच्या नाईलकाठच्या गावांत — तुम्ही सोहाग शहरातले असलात तरी हे ठाऊक असणारच तुम्हाला.

खलफ सकाळी खोकत खोकतच मायक्रोबस घेऊन गेला. कालव्याच्या वळणावर टायर फुटला, गाडी पाण्यात, शाळेच्या दोन पोरी बुडाल्या — त्यांच्यासाठी मीही रडले, का नाही रडणार? खलफला बाहेर काढला, केंद्रात नेला, त्याची लघवी घेतली, तिच्यात पट्टी बुडवली. दुसरी रेघ उमटली नाही. नाही उमटली म्हणजे अंगात अफूच्या जातीचं काहीतरी आहे म्हणे — मग काय, पोरींचे काका-मामा घुसले आत. पायाला धरून ओढत आणला. जॅकच्या दांड्यानं गुडघे फोडले. तो म्हणत होता, "खोकल्याचं औषध घेतलंय, माझ्या बहिणीला विचारा, बहियाला." मला कोण विचारतंय — मी पोचले तेव्हा तोंडात वीट कोंबलेली होती. जबडा जागेवर राहीना, कापडानं बांधला तरी राहीना.

आणि आता तुम्ही म्हणता, उरलेली लघवी तुमच्या प्रयोगशाळेत तपासली. औषधातलं कोडीन शरीरात मोडतं, त्यातल्या थोड्याचं मॉर्फिन होतं, आणि पट्टीला तेवढंच कळतं, ते कशातून आलं हे नाही. हेरॉइन मोडल्यावर जो खास अंश उरतो, तो सापडलाच नाही. असंच ना?

चांगली बातमी आणलीत असं वाटतंय तुम्हाला. अहो, याच निकालावर मी रश्वानला थोपवून धरलं होतं — माझा मुलगा, मामावर जीव टाकायचा. त्याला म्हटलं, निकाल येऊ दे. मामा नशेत निघाला तर मान खाली घालू, तंबू ठोकू, पोरींच्या घरी जाऊन माफी मागू. आणि रोज नमाजानंतर मागत होते, देवा, नशेतच निघू दे त्याला — सख्ख्या भावासाठी कोणी बहीण असं मागते का? मी मागितलं. पोरगा तरी वाचावा म्हणून.

रश्वान ना? शेतावर गेलाय. बंदूक कसली, आमच्याकडे बंदूकच नाही — वर नका बघू. कबुतरं असतात छपरावर. — ऐकलंय त्यानं. सगळं ऐकलंय.

पोरींच्या घरच्यांना तो हात लावणार नाही. मारणारे तुरुंगात आहेत, आणि त्या घरांतूनही प्रेतं निघाली आहेत. त्याला हवाय पट्टीचं बाहेर फोडणारा. खोलीत तिघंच — केंद्राचा डॉक्टर, नर्स, हवालदार. नाव कळलं तर एक जाईल, म्हणतो, नाही कळलं तर तिघंही. तुमची रोजची ओळख त्यांच्याशी. विचारलंत कधी? — खाली काय बघता?

उठा, डॉक्टर. अंगणातून सावकाश चाला, तुमच्याशी त्याचं वैर नाही. त्या दुपारी केंद्राच्या खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला होता, रबरी मोजा चढवलेला, ती एकाच रेघेची पट्टी गर्दीला दाखवत. तो कोणाचा, हे त्या तिघांपैकी एकानंही अजून सांगितलेलं नाही.