कोयनेची लाथ
“मावशी, तिकडं जर्मनीत बाळानं लाथ मारली की आपल्या कोयनेत भूकंप होतो, खरं का?”

पाटणच्या स्टँडवर लीलाबाईंचं लेकीशी फोनवरचं बोलणं शाळेच्या पोरींनी ऐकलं, त्यांना विचारून दाखवायची वडापावाची पैज लागली आणि क्रांतीनं बिनधास्त विचारलं.

“व्हय गं, दोनदा झालंय. ही बघ, पोरगीच बोलतीया. तूच ऐक.” लीलाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

“आई, हितली जमीन लय गप, कदी हलतच न्हाई. आल्यापास्नं त्यानंच झोप लागंना.”

“सातवा म्हैना हाय, झोप काढ की!”

“कशी काढू? आधी बाळ एकच लाथ मारायचं आन् तासाभरात तुमची भांडी वाजायची. आज सकाळपास्नं थांबतच न्हाई.”

“आमी कोयनानगरची माणसं. भांडी वाजली तर कूस बदलतो,” लीलाबाई हसल्या.

“आई, आज घरात झोपू नगंस.”

या वेळी लीलाबाई हसल्या नाहीत. क्रांतीनंही पैजेचा वडापाव मागितला नाही.

घरी आल्यावर तिनं दप्तर टाकलं आणि थेट गाद्यांना हात घातला.

“आई, पप्पा, आज आपण तिघंबी अंगणात झोपायचं. हसायचं तेवढं हसा, पण बाहेर येऊन हसा.”