मलाखीनंतरची दोन मिनिटं

(रत्नागिरीतल्या एका लहानशा प्रार्थनामंदिराची पडवी. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार उद्यावर आलेला. कीर्तनकार काशीराम मास्तर, त्यांना पेटीची साथ करणारी त्यांची पुतणी मैना, आणि दोन वर्षांपूर्वी नगरकडून आलेले तरुण पाळक गौरव.)

गौरव : तसं नाही हो मास्तर. कीर्तन नको असं कोण म्हणतंय? फक्त वीस मिनिटांत बसवा.

काशीराम : वीस मिनिटांत माझा अब्राहाम तंबूच्या खुंट्याच ठोकत असतो, पाळकसाहेब.

मैना : खरं आहे. अर्धा तास तरी ठोकतो.

काशीराम : तू पेटी पूस गो.

गौरव : गेल्या वर्षी काय झालं आठवतंय ना? जुन्या करारातला शेवटचा संदेष्टा मलाखी संपला आणि तुम्ही डोळे मिटून उभे राहिलात. मैनाताईंनी नुसता एक सूर धरला. एक मिनिट झालं, दोन झाली. लोकांना वाटलं, आटोपलं कीर्तन.

मैना : चहा करणाऱ्या नितेशने किटलीच आत आणली.

गौरव : चहा पिऊन पावस गावची मंडळी एसटी गाठायला पळाली, त्यांच्यामागून बाकीचे. मशीहाचा जन्म झाला तेव्हा बाकांवर अकरा माणसं होती. मोजलीत मी.

काशीराम : बेथलेहेमच्या गोठ्यात त्याहून कमी होती.

गौरव : तुमच्यापुढे बोलायची सोय नाही! पण एवढं थांबायचं कशाला? मलाखी संपला की पान उलटायचं, लगेच नव्या करारातला मत्तय. मध्ये एक कोरं पान, बस.

काशीराम : ते कोरं पान चारशे वर्षांचं आहे. संदेष्टा नाही, दर्शन नाही, देवाकडून एक शब्द नाही. माणसं जन्मली, म्हातारी झाली, 'तो येणार आहे' एवढंच पोरांना सांगून गेली. मंदिरातल्या म्हाताऱ्या शिमोनाने नि हन्नाने बाळ डोळ्यांनी पाहिलं, त्यांची नावं शास्त्रात आली. जे न पाहता गेले त्यांची नावं कुठे आहेत? त्यांच्यासाठी मी दोन मिनिटं गप्प उभा राहतो. जास्त मागतो का?

गौरव : पुढच्या वर्षी करू की तसं. कमिटीशी बोलतो मी. यंदा तेवढं आवरतं घ्या.

मैना : पुढच्या वर्षी नाय जमायचं.

काशीराम : मैने!

मैना : गप्प किती बसू? पाळकसाहेब, सोमवारी काकांना मिरजेला नेत्येय. घशात गाठ आहे, कापायची आहे. गाठ जाईल म्हणतात डॉक्टर. आवाजाचं काही सांगत नाहीत.

गौरव : मास्तर! अहो, मला आधी सांगायचंत की.

काशीराम : सांगितलं असतं तर म्हणाला असतात, दोन तास घ्या.

गौरव : घ्याच. तीन तास घ्या.

काशीराम : नको. गाठीला मिळालेला वेळ कीर्तनाला नको. मंडळी 'बिचारा मास्तर' म्हणून माझ्याकडे बघत बसतील. मग मशीहाची वाट कोण बघणार? वीसच मिनिटं द्या.

गौरव : बरं. मग गाळणार काय?

काशीराम : उत्तररंग.

मैना : अख्खा? काका, त्यात तर जन्म आहे!

काशीराम : उद्या नुसता पूर्वरंग. अब्राहामाला तंबू ठोकू देत नाही, थेट यशया संदेष्टा धरतो. मग मीखा, मलाखी, आणि तो एक सूर. सूर थांबला की मी खाली उतरणार. मंडळींनी खुशाल चहा प्यावा आणि घरी जावं.

गौरव : मशीहा न येताच?

काशीराम : न येताच.

गौरव : लोक विचारतील, पुढे काय झालं?

काशीराम : विचारू देत. चार आठवडे विचारत राहू देत. आगमनकाळ आणखी कशासाठी असतो?

गौरव : आणि नाताळला? तुम्ही तर तेव्हा...

काशीराम : मी तेव्हा गळा बांधून बसलेला असेन. उत्तररंग मैना करेल.

मैना : काहीतरीच! मी साथीची. चार लोकांपुढे उभी राहिले तर पाय लटपटतात माझे.

काशीराम : हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची होती, तिचेही लटपटत असतील. बाळ दिसलं तशी वाट पाहणाऱ्या एकेकाला सांगत सुटली. तिच्या तोंडचं पद तीस वर्षं मी या घोगऱ्या गळ्याने म्हणतोय. येतं ना तुला?

मैना : येतं. भाकऱ्या थापताना रोज म्हणत्ये.

गौरव : मग कराच ताई. झांज मी धरतो.

मैना : तुम्ही? नाताळच्या भजनात तुमच्या टाळ्यासुद्धा पुढे पळतात.

काशीराम : धरू दे त्यांना, शिकतील. चल, बस पेटीवर. हन्नाचं पद म्हण. चूक निघाली तर आजच सांगेन. सोमवारनंतर सांगायला जमेल न जमेल.

मैना : काका, तुमच्या पट्टीत नाय यायचं मला. काळी एकला माझा आवाज खाली जाऊन बसतो.

काशीराम : मग तुझी कुठली?

मैना : काळी चार.

काशीराम : तीस वर्षांत कधी बोलली नाहीस.

मैना : तुम्ही विचाराल, असं वाटायचं.

काशीराम : धर तुझी पट्टी. पाळकसाहेब, जरा सरका. मला मंडळीत बसू द्या.